एकशे सत्त्याऐंशी चित्रांतल्या सासूबाई

आमच्या शहापुरातल्या घरी माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. त्या ट्रंकेत तीस वर्षे एक व्हीएचएस कॅसेट पडून होती. माझ्या नणंदेच्या, म्हणजे आमच्या वन्संच्या लग्नाची. लग्न झाले मे १९९३ मध्ये. कॅसेट लावायचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. जपानमधल्या शेवटच्या कारखान्यानेही व्हीसीआर करणे २०१६ साली थांबवले, असे पुढे वाचनात आले. म्हणजे कॅसेट होती, पण ती बघायला डोळे नव्हते, अशी आमची गत.

२०२३ साली वन्संच्या लग्नाला तीस वर्षे झाली. त्या दिवाळीला अमेरिकेहून येणार होत्या. सूनबाई म्हणाली, "अत्ती, ती कॅसेट काढा. आपण त्यातली चांगली पंचवीस मिनिटं निवडून फिल्म करू. खाली मराठी आणि कन्नड दोन्ही ओळी टाकू."

सूनबाई धारवाडची. मला ती पहिल्या दिवसापासून कानडी रीतीने 'अत्ती' म्हणते, आणि मलाही ते गोड लागते. घरी बसून शाळांसाठी धड्यांचे व्हिडिओ जुळवण्याचे काम ती करते. मी हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. संगणकाशी माझी ओळख नातवाच्या खेळापुरती. तरीही या फिल्मच्या निमित्ताने सासू-सून दोन महिने एका पडद्यासमोर बसलो, आणि त्यात मला एक जुना हिशेब चुकता करावा लागला. तोच आज सांगते आहे.

सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग

वाचकहो, प्रत्येक घरात लग्नाच्या कॅसेटमधला एक तरी प्रसंग असतो, जो सगळ्यांना पाठ असतो. आमच्याकडे तो 'काय बघतोस' चा. पंगती उठत होत्या. माझ्या सासूबाई पानाचे तबक घेऊन मांडवातून चालल्या होत्या. कॅमेरावाल्या मुलाने दिवा त्यांच्या तोंडावर मारला. त्या थबकल्या, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. सनईचा आवाज इतका मोठा, की शब्द ऐकूच येत नाहीत. ओठ तेवढे हललेले दिसतात.

सासूबाई कडक होत्या. कुणी फोटो काढू लागले की मान फिरवायच्या. त्यामुळे त्या "काय बघतोस?" असे खेकसल्या, हे आम्ही धरूनच चाललो. ही गोष्ट घरात रंगवून सांगणारी पहिली मीच. नवीन सून म्हणून त्यांचा धाक मी सोसला होता, तेव्हा ती नक्कल करताना मला थोडे समाधानही मिळत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. पुढे मुले एकमेकांना चिडवताना डोक्यावर पदर घेऊन "काय बघतोस!" म्हणू लागली.

सासूबाई १९९५ साली गेल्या. त्यांची चालती-बोलती आठवण म्हणून जगात एवढाच तुकडा आहे.

दोन चित्रे गेली कुठे?

गावातल्या एका दुकानातून कॅसेट संगणकावर उतरवून आणली. सोबत दुसरीही एक कॅसेट होती. वन्संच्या मुलाचे १९९७ सालचे अमेरिकेतले बारसे त्यांनी त्या वेळी पाठवले होते. पण आमच्या व्हीसीआरवर ते कधी धड दिसले नव्हते. चित्र सतत वर सरकायचे.

सूनबाईने कारण सांगितले. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत पाल, तिकडची एनटीएससी. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे पंचवीस फ्रेम. तिकडे जवळजवळ तीस. या आकड्यांचे मूळ विजेत आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यांची साठची, आणि टीव्हीची चित्रे त्याच्या निम्मी.

मग तिने बारशाची फीत पडद्यावर उघडली. वरच्या कोपऱ्यात आठ आकडे पळत होते. तास, मिनिटे, सेकंद आणि शेवटचे दोन फ्रेमचे. याला टाइमकोड म्हणतात. साठ सेकंदांचे मिनिट, साठ मिनिटांचा तास, आणि सेकंदाच्या पोटात फ्रेम. घटका-पळांसारखीच ही उतरंड. व्हिडिओ फितीवरची चित्रे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रत्येक चित्राला असा पत्ता देण्याची पद्धत रूढ होऊ लागली. घड्याळासारखी दिसत असल्याने ती सगळ्यांना सोयीची वाटली.

बाणाची कळ दाबली की एकच चित्र पुढे सरकते. मी गंमत म्हणून एकेक कळ दाबत गेले. एकोणसाठ सेकंद, अठ्ठावीस फ्रेम. एकोणसाठ सेकंद, एकोणतीस फ्रेम. पुढची कळ दाबली तर आकडा एकदम एक मिनिट आणि दोन फ्रेम. शून्य आणि एक गायब!

"अगं, दोन फ्रेम गेल्या की! दुकानदाराने कापल्या वाटतं," मी म्हणाले.

सूनबाई हसली. "अत्ती, चित्रं जागेवर आहेत. फक्त नंबर गळलेत." तिने कंट्रोलची कळ दाबून त्या आकड्यांवर क्लिक केले. एक-दोनदा क्लिक केल्यावर तास-मिनिटे गेली आणि तिथे एकच सरळ संख्या उरली. आता कळ दाबली की १७९८, १७९९, १८००, १८०१. कुठेही खंड नाही. पडद्यावरचे चित्र मात्र होते तेच. पाळण्याची दोरी धरलेली वन्संची सासू तसूभरही हलली नव्हती.

क्षयतिथी आणि अहर्गण

माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. नंबर का गळावेत? कारण असे निघाले. अमेरिकेत आधी सेकंदाला बरोबर तीस चित्रे होती. १९५३ साली रंगीत टीव्हीची पद्धत ठरवताना रंगाचा संदेश आवाजाच्या संदेशात मिसळून चित्र बिघडू नये, म्हणून वेग हजारास एक एवढा किंचित कमी केला. तेव्हापासून तिकडे सेकंदाला २९.९७ चित्रे. पण अपूर्णांकात नंबर कसे देणार? नंबर तीसच्या हिशेबाने देत गेले, तर तासाला १,०८,००० नंबर होतात, आणि प्रत्यक्ष चित्रे निघतात १,०७,८९२. फरक १०८ चा. म्हणजे घड्याळात तास पुरा झाला, तरी टाइमकोडला तो पुरा व्हायला ३.६ सेकंद कमी पडणार. टीव्हीवर जाहिराती घड्याळाबरहुकूम लागतात, तिथे हे चालत नाही.

त्यावर तोड अशी काढली, की दर मिनिटाच्या आरंभी दोन नंबर वगळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला वगळायचे नाहीत. तासात अशी चोपन्न मिनिटे येतात, चोपन्न दुणे एकशे आठ. हिशेब जमला. या पद्धतीला 'ड्रॉप फ्रेम' म्हणतात. नाव फसवे आहे, कारण फ्रेम एकही गळत नाही.

आपल्या पंचांगात क्षयतिथी असते, ती अशीच. पंचमीनंतर एकदम सप्तमी लिहिलेली दिसते. म्हणून काही मधला दिवस नाहीसा होत नाही. मंगळवारनंतर बुधवारच येतो. कुठल्याच सूर्योदयाला ती तिथी सापडली नाही, म्हणून दिवसाला तिचे नाव मिळाले नाही, इतकेच.

आणि नुसती फ्रेमची संख्या म्हणजे काय? तर अहर्गण. जुने ज्योतिषी ग्रहांचे गणित करताना तिथी-मासांच्या भानगडीत न पडता ठरावीक दिवसापासून आजवर किती दिवस झाले, ते सलग मोजत. त्या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' ग्रंथ रचला. संख्या फार फुगू नये म्हणून त्यांनी ४०१६ दिवसांचे एक चक्र केले. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून पंचांगे होत होती. लोकांच्या हाती पंचांग द्यायचे ते तिथीचे, पण आकडेमोड दिवसांच्या संख्येवर. टाइमकोड आणि फ्रेमसंख्या यांचे नाते हुबेहूब तसेच आहे, असे मी सूनबाईला सांगितले. तिला फार आवडले. आता ती तिच्या कामातल्या मुलींना ड्रॉप फ्रेम शिकवताना क्षयतिथीचे उदाहरण देते.

रिळे, फूट आणि फ्रेम

चित्रे मोजण्याची रीत टाइमकोडच्या कितीतरी आधीची आहे. जुन्या सिनेमाची फीत हातात धरता येत होती, त्यामुळे संपादक ती फुटांवर मोजत. पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या फितीत एका फुटात सोळा चित्रे बसतात, सोळा मिलिमीटरच्या फितीत चाळीस. सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने पस्तीसची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. 'अमुक फूट आणि वर इतक्या फ्रेम' हीच कापाकापीची भाषा होती. आजच्या प्रीमियर प्रोमध्येही टाइमकोड आणि फ्रेम यांच्या जोडीला 'फूट अधिक फ्रेम' हा पर्याय आहे.

आपल्या पिढीने थिएटरात हे पाहिलेले आहे. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र यायचे. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये असायची. पोरे ओरडायची, "सोळा रिळं आहेत रे!" समजा लांबी चार हजार मीटर असेल, तर एका मीटरला साधारण साडेबावन्न चित्रे धरून ती होतात सुमारे दोन लाख दहा हजार. भागिले चोवीस केले, की जवळजवळ दोन तास सव्वीस मिनिटे. बसस्थानकावरची शेवटची बस मिळेल की नाही, ते त्या प्रमाणपत्रावरूनच कळले असते. हे गणित तेव्हा सुचले नाही!

आणि दादासाहेब फाळके? १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' च्या आधी, १९१२ साली त्यांनी कुंडीतले वाटाण्याचे रोप वाढताना दाखवले होते. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या फिल्मचे नाव. कॅमेरा एका जागी ठेवून मधूनमधून एकेक चित्र घेत गेले, आणि ती सलग पळवल्यावर रोप डोळ्यांदेखत वाढले. तिथे घड्याळाचा काय उपयोग? घ्यायच्या वेळी चित्रांमध्ये कितीतरी वेळ गेलेला, दाखवायच्या वेळी तीच चित्रे काही क्षणांत संपणार. हातात राहते ती चित्रांची संख्याच. कार्टून काढणारे आजही याच कारणाने फ्रेमच मोजतात. पापणी मिटायला किती चित्रे, पाऊल उचलायला किती, असा त्यांचा हिशेब असतो.

सासूबाईंची मोजणी

आता मूळ गोष्टीकडे वळते. लग्नाच्या फितीत सासूबाई दिसू लागतात एक्केचाळीस मिनिटे, सात सेकंद, अठरा फ्रेमवर. त्या चौकटीबाहेर जातात एक्केचाळीस मिनिटे, पंधरा सेकंद, पाच फ्रेमवर. किती वेळ झाला? पाचातून अठरा जात नाहीत, म्हणून एक सेकंद उसना घ्यायचा. पण उसना दहाचा नाही, साठाचाही नाही, पंचवीसचा. मी गणिताची बाई असूनही पहिल्यांदा चुकले. सूनबाईने आकडा फ्रेमवर नेला. आत येताना ६१,६९३. जाताना ६१,८८०. वजाबाकी तोंडी झाली, एकशे सत्त्याऐंशी. म्हणजे सात सेकंद बारा फ्रेम.

"अष्टे?" सूनबाईच्या तोंडून एकदम निघून गेले. एवढ्याच?

मीही गप्प झाले. ज्या बाईंनी या घरात पन्नास वर्षे चूल सांभाळली, त्यांची इतकीच चित्रे उरली होती. सात सेकंद ऐकताना ते चुटकीसारखे वाटते. एकशे सत्त्याऐंशी म्हटल्यावर वाटले, ही तर मोजून बघता येतील.

मग आम्ही एकेक करून सगळी बघितली. त्यासाठी एक संपूर्ण दुपार लागली. तबकातली लवंग दिसली. उजव्या हातातली एक बांगडी पिचलेली दिसली. हात हलताना कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत होत्या. जुन्या टीव्हीची एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची मिळून होते, आणि दोन्हींत पन्नासाव्या भागाचे अंतर पडते, त्यामुळे तसे दिसते म्हणे.

ओठ हलतात तिथे सूनबाई थांबली. मागे गेली, पुढे आली. म्हणाली, "अत्ती, हे 'काय बघतोस' नाही."

"का गं?"

"'काय' म्हणताना तोंड उघडतं. इथे ओठ आधी गोल झालेत बघा. 'ऊ' म्हटल्यासारखे. मग मिटलेत. ब, म, प म्हणताना मिटतात तसे. आणि शेवटी परत गोल." थोडा वेळ थांबून तिने स्वतःशीच म्हणून बघितले, "ऊटा माडियेनो?"

जेवलास का रे?

माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई मूळच्या बैलहोंगल भागातल्या. माहेर कानडी. आमच्या घरी आल्यावर मराठी बोलू लागल्या, पण भाजीवालीशी हिशेब, देवापुढचा आकडा आणि लहान मुलाला घास भरवणे कायम कानडीतूनच. मला हे सगळे माहीत होते. तरी तीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आले नाही, की त्या ओठांवर मराठी नसेलही.

माझी चूक

पण वाटले म्हणून ते खरे ठरत नाही. आम्ही ताडून बघायचे ठरवले. सासूबाईंचे ओठ गोल होतात ६१,७४२ वर. मिटतात ६१,७५० वर. पुन्हा गोल होतात ६१,७६४ वर. म्हणजे आधी आठ चित्रे, मग चौदा. एकूण बावीस. टाइमकोडवर हेच करताना दोनदा उसने घ्यावे लागले असते.

सूनबाईने मोबाइल समोर ठेवून, नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने "ऊटा माडियेनो" तीनदा म्हटले. तो व्हिडिओ संगणकावर घेऊन मी फ्रेम मोजल्या. दहा आणि सतरा. एकूण सत्तावीस.

"जुळत नाही," मी म्हणाले. खरे सांगायचे तर थोडे हायसेही वाटले. तीस वर्षे सांगितलेली गोष्ट खोटी ठरणे कुणाला आवडते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना डोक्यात प्रकाश पडला. मोबाइल सेकंदाला तीस चित्रे घेतो, कॅसेट पंचवीसची! तशीच पिठाच्या हातांनी उठले. दहा भागिले तीस, म्हणजे ०.३३ सेकंद. आठ भागिले पंचवीस, ०.३२. सतरा भागिले तीस, ०.५७. चौदा भागिले पंचवीस, ०.५६. जुळले. आणि "काय बघतोस" म्हणून बघितले, तर ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या 'तो' पर्यंत अर्ध्या सेकंदात संपते. सासूबाईंना ०.८८ सेकंद लागला आहे.

वर्गात मी मुलांना किती वेळा सांगितले असेल, की एकक लिहिल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत! आणि मीच 'दहा' आणि 'आठ' यांची तुलना करून मोकळी झाले. फ्रेमच्या आकड्याची हीच एक मेख आहे. त्याच्या शेजारी वेग लिहिलेला नसेल, तर त्याला अर्थ नाही. १५०० वी फ्रेम पंचवीसच्या वेगाने बरोबर एका मिनिटावर येते, तीसच्या वेगाने पन्नास सेकंदांवर. कुणी तुम्हाला 'अमुक फ्रेमवर नाव टाका' असे लिहून दिले आणि तुमच्या संगणकावर वेग वेगळा असेल, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी पडेल.

घरी करून बघणाऱ्यांसाठी

हे ज्यांना करायचे असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. प्रीमियर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये वेळेच्या आकड्यावर कंट्रोल दाबून क्लिक केले, मॅकवर कमांड दाबून, की दाखवण्याची पद्धत बदलते. फायनल कट प्रोमध्ये सेटिंग्जमध्ये 'टाइम डिस्प्ले' असते, तिथे 'फ्रेम्स' निवडावे. यामुळे फक्त आकडा दाखवण्याची रीत बदलते. व्हिडिओला धक्का लागत नाही, तेव्हा निर्धास्त असावे.

पहिली फ्रेम शून्य की एक, हे आधी बघून ठेवावे. आफ्टर इफेक्ट्समध्ये तो पर्याय निवडता येतो. दोघांनी वेगवेगळा धरला, तर प्रत्येक नोंद एका चित्राने चुकते. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचा वेग पुष्कळदा मध्येच कमी-जास्त होतो, म्हणून मोजणी करायची असेल तर तो आधी स्थिर वेगात बदलून घ्यावा. सूनबाईने आमचा तसा करून घेतला होता.

बारीक काम संपले, की आकडा पुन्हा टाइमकोडवर न्यावा. संगीतवाल्याशी, आवाजवाल्याशी किंवा घरच्या माणसांशी बोलताना तास-मिनिटेच सोयीची. आत्याबाईंना 'एकसष्ट हजार सहाशे त्र्याण्णवपासून बघा' असे सांगून चालत नाही. आपल्याकडे दुकानात कानडी आणि घरात मराठी बोलताना कुणी मुद्दाम ठरवत नाही, ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा आपोआप तोंडात येते. इथेही तसेच करावे.

खाली काय लिहायचे?

शेवटचा प्रश्न अवघड होता. त्या एकशे सत्त्याऐंशी चित्रांखाली काय लिहायचे? मोजणी जुळली, म्हणून तेच शब्द होते असे सिद्ध होत नाही. ओठ मिटताना 'म' आहे की 'ब', हे नुसते बघून कळत नाही. त्या सावकाश बोलल्या असतील. आणखी काही म्हणाल्या असतील.

मी वन्संना फोन लावला. सगळे ऐकून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, तो कॅमेरावाला पोरगा गोकाककडचा होता. सकाळपासून उपाशी फिरत होता. आई त्याच्याशी कानडीतच बोलत होती. मला तर ती खेकसली असं कधीच वाटलं नव्हतं. तुम्ही सगळे हसायचात, म्हणून मीही हसायची."

हे त्यांनी तीस वर्षांत सांगितले नाही. आम्ही विचारलेही नव्हते.

फिल्ममध्ये त्या जागी आम्ही दोन ओळी टाकल्या. वर कन्नड लिपीत 'ऊटा माडियेनो?', खाली मराठीत 'जेवलास का रे?' मी सूनबाईला म्हटले, खात्री नाही तर प्रश्नचिन्ह टाक. ती म्हणाली, "अत्ती, प्रश्नचिन्ह आहेच की तिथे."

दिवाळीच्या पाडव्याला सगळे फिल्म बघायला बसलो. तो तुकडा आला तेव्हा नातवाने सवयीने डोक्यावर रुमाल घेतला, पडद्यावरच्या ओळी वाचल्या, आणि रुमाल हळूच खाली ठेवला. वन्संनी "परत लाव" म्हणून चार वेळा बघितला.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. फिती दरवर्षी खराब होत आहेत आणि त्या चालवणारी यंत्रे कमी होत आहेत, तेव्हा या सुट्टीत ती उतरवून घ्याच. आणि त्यात कुणी आवाजाशिवाय ओठ हलवताना दिसले, तर थांबून एकेक चित्र बघा. ते माणूस कोणत्या भाषेत बोलत असेल, हे आधीच ठरवू नका.